दव उतरायला दहा मिनिटं

अन्याय झाला तो गयामाय कांबळेवर. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाला दहा मिनिटं कमी असताना, रेणापूर तालुक्यातल्या एका पाझर तलावाच्या बांधाखाली. त्यासाठी एक जीप, एक फाईल आणि चार शब्द पुरले: ‘सरकारी पडीक. वापर नाही.’

वेळ मुद्दाम लिहिली आहे. पत्रकं लिहून लिहून मला सवयच लागली आहे, की आधी कुणावर, मग कधी, मग कुठं आणि शेवटी ठळक अक्षरात कुणी. या खेपेला ‘कुणी’ लिहिताना हात अडखळतो, कारण त्या यादीत मीही आहे. ते पुढं येईलच. आधी गयामाय.

गयामाय म्हणजे साठी ओलांडलेली, हाडानं बारीक, आवाजानं मोठी बाई. उंची एवढीच की वाढलेल्या ओटात उभी राहिली तर नुसता पदर आणि बोलणं बाहेर राहतं. ओट म्हणजे थंडीत येणारं, दिसायला गव्हासारखं हिरवं गवत. आमच्याकडं थंडीत जनावराच्या तोंडी कडबा असतो, तोही ज्याच्या शेतात ज्वारी आहे त्याच्याच. ज्याला शेत नाही त्याची गाय पौषात भिंत चाटते. गयामायला शेत नाही. तिच्यासारख्या आणखी तेरा घरांना नाही. आठ घरं बौद्धवाड्यातली, बाकीची गावातली. आणि तरी त्या चौदा घरांच्या गाई थंडीत अशा तुकतुकीत असतात, की शेतवाले बांधावर उभं राहून बघतात आणि घरी जाऊन आपल्या गाईला बोल लावतात.

कारण गायरान. गायरान म्हणजे गावाच्या जनावरांसाठी राखलेली जमीन. कागदावर ती सगळ्या गावांत आहे, जमिनीवर मात्र शोधावी लागते. इथलं गायरान तलावाच्या बांधाखाली आहे आणि पाझरामुळं तिथं फाल्गुनापर्यंत ओल टिकते. पूर्वी तिथं दगड, वेड्या बाभळी आणि गावाची सकाळ, एवढंच होतं. गयामायनं चौदा घरच्या बायका घेऊन दगड वेचले, बाभळी काढल्या, ओट आणि बरसीम हा मेथीसारखा पानांचा चारा पेरला, आणि रानाच्या चार पट्ट्या पाडल्या. एका पट्टीत जनावरं चरणार, बाकीच्या तीन विसावा घेणार. आठ दिवसांनी पट्टी बदलायची.

पट्ट्यांना तिनं नावं दिली होती. पहिली ‘माहेर’, कारण तिथं गवत सगळ्यात गोड. ती व्यालेल्या आणि गाभण गाईंना आधी. दुसरी ‘सासर’, बांधाच्या पलीकडं, दगडाळ, खायला कष्ट पडणारी. तिसरी ‘सून’, जरा जादा चारलं की रुसणारी. चौथी, रस्त्याला लागून असलेली, सगळ्यात ओली, तिचं नाव ‘सरकार’.

‘‘सरकार का?’’ मी विचारलं होतं.

‘‘कवा देईल, कवा गिळंल, सांगता येत न्हाई. मागच्या साली माझी चप्पल गिळली.’’

आमची पहिली भेट माझ्या पत्रकावरून झाली. मी लातूरहून ‘गायरान आमच्या हक्काचं’ या मथळ्याचा गठ्ठा घेऊन गेले होते. ती बांधावर बसून विळ्याला धार लावत होती.

‘‘जय भीम, माय. हे वाचा.’’

‘‘जय भीम. तूच वाच. माझा चष्मा लेकाकडं नांदेडला हाय. म्हंजी माझा न्हाई, अजून त्यानं घ्यायचाय.’’

मी वाचलं. शोषण, भूमाफिया, मूक प्रशासन, सगळं वाचलं. आवाज चढवून वाचलं. तिनं धार लावणं थांबवलं नाही.

‘‘झालं?’’

‘‘झालं.’’

‘‘यात गवत कुठाय?’’

‘‘माय, हे हक्काबद्दल आहे.’’

‘‘हां. मग हक्क खाऊ घालून दाव माझ्या कपिलेला.’’

कपिला ही तिची गाय. दुपारी पावसाचे चार थेंब आले म्हणून मी गठ्ठा तिच्या वाळल्या गवताच्या गंजीत खोचून ठेवला. संध्याकाळी येऊन पाहते तर कपिलेनं निम्मं आंदोलन संपवलेलं. मी संतापले. गयामाय शांतपणे म्हणाली, ‘‘बेजार होऊ नको. गावात कुणी एवढं आखं वाचलं नसतं.’’ त्या दिवसापासून माझं नाव ‘पत्रकबाई’ पडलं.

तिची सगळ्यात मोठी खोड म्हणजे चार बोटं. गवत कापताना असो की चारताना, जमिनीवर चार बोटं शिल्लक राहिलंच पाहिजे, म्हणजे ते परत फुटतं. खाली कापलं की बुडखा मरतो. त्यासाठी ती जागोजागी बसून तळहात आडवा करून गवतात रोवायची. अंगठा धरायचा नाही. ‘‘आंगठा सावकाराचा,’’ म्हणायची, ‘‘तो मापात घेऊ नये.’’

या मापानं तिनं हळूहळू सगळं जग मोजायला घेतलं. नातवाला न्हाव्याकडं घेऊन गेली तर बाजूला उभं राहून सांगायची, ‘‘दादा, चार बोटं ठेव. बुडाला इजा करू नको.’’ त्या न्हाव्यानं एकदा वैतागून विचारलं, ‘‘माय, पोराला परत चारायचाय का?’’ लग्नाच्या पंगतीत तिला भात वाढणाऱ्याला ती पत्रावळीपासून चार बोटं वर थांबवायची. आणि माझं पत्रक एकदाच तिला आवडलं, कारण छापखान्याच्या चुकीनं खाली चार बोटं जागा कोरी राहिली होती. ‘‘हे बरं केलंस,’’ म्हणाली. ‘‘फुटायला जागा ठिवली.’’

ओटाच्या बियाण्याची गोष्ट अजून गावात सांगतात. तिला चांगलं बी हवं होतं. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आलेली. चावडीसमोर सरपंच बालाजीराव चार माणसांत बसले होते. गयामाय थेट जाऊन म्हणाली, ‘‘बालाजीराव, मला ओट पाहिजे.’’

आमच्याकडं मताला निम्मी माणसं ‘ओट’च म्हणतात. सरपंचांचा चहा हातातच राहिला.

‘‘किती पाहिजेत?’’ त्यांनी जपून विचारलं.

‘‘दोन पोती तरी लागंल. चौदा घरं हायत माझ्यामागं.’’

‘‘चौदा घरं?’’

‘‘पक्की. माझ्या शबदाभाईर न्हाईत.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच स्वतः तिच्या दारात. सोबत एक हिरवं लुगडं. ‘‘गयामाय, या वयात कशाला धावपळ. तुमच्या मनात काय हाय ते सांगा, आपण मिळून करू. उभं राहू नका.’’

गयामाय उभी होती ती पाटावर बसली. ‘‘बसले. आता ओट द्या.’’

बराच वेळ दोघं दोन वेगवेगळ्या विषयांवर अगदी एकमतानं बोलले. शेवटी तिनं मुठीतलं मागच्या सालचं बी काढून दाखवलं तेव्हा सरपंचांच्या जिवात जीव आला. आनंदाच्या भरात त्यांनी दोनाऐवजी तीन पोती बी मिळवून दिलं. लुगडं मागं न्यायचं ते विसरले. गयामायनं ते आठवण करून परत पाठवलं, आणि निरोप दिला, ‘हिरवं हाय. गाई माझ्या मागं लागतेल.’

तिचा दुसरा कायदा दवाचा. थंडीत सकाळी गवतावर दव असतं तोवर पट्टीत पाय ठेवायचा नाही, जनावरानंही नाही आणि माणसानंही नाही. ओल्या जमिनीत खुरं रुतली की मुळं चेंगरतात. आणि ओलं, कोवळं बरसीम गाईनं उपाशीपोटी खाल्लं की पोट फुगतं. म्हणून सकाळी आधी घरी प्रत्येक गाईला वाळलं गवत, आणि दहा वाजले की पट्टी उघडायची. घड्याळ तिच्याकडं नव्हतं. ती पदराचं टोक गवतावरून फिरवायची. कोरडं आलं की दहा वाजले. मी घड्याळाशी ताडून पाहिलं आहे. घड्याळ चुकायचं.

निवडून आल्यावर बालाजीरावांनी एक जर्सी गाय घेतली होती. गायरान सगळ्या गावाचं, त्यामुळं त्यांचाही हक्क होताच. पण ते म्हणाले, ‘‘माझी गाय दहा वाजेपर्यंत थांबणार न्हाई. ती लई मोठ्या घरची हाय.’’ एका सकाळी सात वाजता, उपाशी, त्यांनी तिला ‘सून’ पट्टीतल्या बरसीमात सोडलं. साडेआठला गाय नगाऱ्यासारखी तट्ट. डाव्या कुशीवर बोट मारलं तर ढोल वाजावा. डॉक्टर रेणापूरहून येईपर्यंत काय करायचं ते कुणाला सुचेना. सरपंच धोतराचा सोगा धरून गयामायच्या दारात.

ती आली. गोडं तेल मागवलं, गाईच्या जबड्यात लिंबाचं आडवं दांडकं बांधलं, म्हणजे ती चघळत राहील आणि वारा सुटेल, आणि तिला बांधाच्या चढाला तोंड करून उभं केलं. मग सरपंचांना म्हणाली, ‘‘आता चोळा.’’

‘‘मी?’’

‘‘मोठ्या घरची हाय. हलक्या हाताचं तिला सोसंल का?’’

सरपंचांनी तासभर गाईची कूस चोळली. अख्खं गाव बांधावर. शेवटी गाईनं असा काही मोठा ढेकर दिला, की मागं बसलेल्या म्हाताऱ्यांनी टोप्या सावरल्या. डॉक्टर आले तेव्हा गाय रवंथ करत होती आणि सरपंच हाशहुश करत होते. डॉक्टरांनी आधी सरपंचांची नाडी पाहिली. दुसऱ्या दिवसापासून ती जर्सी दहा वाजता रांगेत उभी, कपिलेच्या मागं.

अशी बाई. गंजीत लोखंडी पहार खुपसून ठेवायची आणि रोज ती उपसून गालाला लावायची; पहार कोमट लागली म्हणजे गवत ओलं रचलं गेलं, आत तापतंय, लगेच उलगडा. वाळलेली पेंडी कानाशी धरून पिरगळायची, कडकड वाजली तरच रचायची. या सगळ्यावर ती बोलायची किती म्हणाल, तर एका प्रश्नाला दोन तास. मला वाटायचं, हिचा हा गुण चळवळीच्या मुळावर येणार.

आणि इथं मी येते.

दिवाळीनंतर बातमी आली, की वापरात नसलेली गायरानं शोधून यादी करायची आहे, आणि या बांधाखालच्या जागेवर गोदामासाठी कुण्या कंपनीची नजर आहे. पाहणी होणार हे नक्की. मी पत्रक काढलं: ‘अधिकारी आल्यास घ्यावयाची काळजी’. कलम तीन: ‘थोडक्यात उत्तर द्या. विचारलं तेवढंच बोला. जास्तीचा एक शब्दही तुमच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो.’ मला हे कलम फार आवडलं होतं. मी ते चौकटीत छापलं.

मग गयामायची तालीम सुरू. मी साहेब.

‘‘तुमचं नाव?’’

‘‘गया. तसं जल्माचं नाव येगळं व्हतं, पर माझी आत्या म्हनली—’’

‘‘माय, थोडक्यात.’’

‘‘हाव. गया.’’

‘‘ही जनावरं कुणाची?’’

‘‘आता बगा सायेब, ती तांबडी हाय न, तिची आजी माझ्या नणंदेनं—’’

‘‘माय, कलम तीन.’’

‘‘अगं पर त्याला कसं कळंल?’’

‘‘त्याला कळायची गरज नाही. त्याला उत्तर पाहिजे.’’

ती माझ्याकडं बघत राहिली. ‘‘ज्याला कळायची गरज न्हाई त्याला सायेब कोन केलं?’’

तीन दिवस मी तिला तासलं. तिसऱ्या दिवशी ती प्रत्येक प्रश्नाला एका शब्दात उत्तर द्यायला लागली. मी तिची पाठ थोपटली. हे लिहून ठेवते. मीच थोपटली.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या लातूर-नांदेडकडं त्या दिवशी सगळी गावं शेतात जेवतात, भज्जी आणि आंबील, पोटाला तडस लागेपर्यंत. दुसऱ्या दिवशी कुणी लवकर उठत नाही. ज्याला शेत नाही तोही कुणाच्या तरी शेतात जेवलेला असतो. अशा सकाळी जीप आली. पाहणीचे साहेब येणार होते अकराला. आयुष्यात एकदा एक साहेब वेळेच्या आधी आला, आणि तो इथं.

बांधाखाली एकटी गयामाय होती, पदराचं टोक गवतावरून फिरवत. पदर अजून ओला लागत होता. दहाला दहा कमी. जनावरं बांधामागं, ‘सासर’च्या तोंडाशी रांगेत, रस्त्यावरून न दिसणारी. साहेब रस्त्याच्या कडेच्या पट्टीसमोर उभे राहिले. समोर पोटरीएवढं हिरवंगार गवत, आणि त्यात खुराची एक खूणही नाही.

पुढचं मला गयामायनं स्वतः सांगितलं, दोन दिवसांनी, मी लातूरहून आल्यावर. ओट्यावर बसून, अभिमानानं.

‘‘सायेब म्हनला, ही कोणती? म्या म्हनलं, सरकार.’’

‘‘बरं.’’

‘‘म्हनला, सध्या काय हाय हिच्यात? म्या म्हनलं, पडीक.’’

‘‘पडीक?’’ मी विचारलं.

‘‘म्हनला, इथं कुणी चारतं का? म्या म्हनलं, न्हाई. म्हनला, कुणीच न्हाई? म्या म्हनलं, कुणालाच पाय ठिवू देत न्हाई. झालं. त्यानं लिवलं, म्या सही केली. गया मारुती कांबळे, काना-मात्रा सगळं. पत्रकबाई, एकबी जादा शबुद बोलले न्हाई बग.’’

‘‘आणि जनावरं?’’

‘‘जीप वळली आन् दव उतरलं. त्याच्या धुरळ्यातच गाई आत आल्या.’’

पंचनाम्याची नक्कल तिनं पदरातून काढली. ‘सरकारी पडीक. वापर नाही. उपस्थित महिलेने दुजोरा दिला.’

मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘मग बरोबरच लिवलं की. हुशार हाय.’’

‘‘माय, पडीक म्हणजे तुमच्याकडं काय?’’

‘‘पडीक म्हंजी पडलेली. बाळंतीण पडती तशी. उठायसाठी पडती ती.’’

‘‘कचेरीत पडीक म्हणजे कुणाच्या कामाची नाही. कुणालाही द्या.’’

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग हळू म्हणाली, ‘‘बाळंतीण पडली म्हून तिची खोली भाड्यानं देतेत का?’’

मी नक्कल पुन्हा वाचायला घेतली. कलम तीन मी पाळत होते की काय, कोण जाणे.

‘‘जल्मात एकदा थोडं बोलले,’’ ती म्हणाली, ‘‘आन् चौदा घरच्या गाई गेल्या.’’

माझ्यावर ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच ती विळा घेऊन निघाली. ‘सरकार’मधली ओटाची एक पेंडी कापून साहेबाच्या टेबलावर ठेवायची आणि विचारायचं, पडीक असं दिसतं का. दव होतं. ज्या बाईनं सरपंचाच्या गाईला दहापर्यंत थांबवलं, ती स्वतः थांबली नाही. पेंडी कापली, बांधाच्या ओल्या उतारावरून निघाली, पाय घसरला, नडगीचं हाड गेलं.

आम्ही चौघी बाज घेऊन धावलो. तिला उचललं, जवळच्या वाटेनं, पट्टीतून निघालो, तर बाजेवरून आवाज. ‘‘थांबा. दवात कुठं निघालात? आठ पाय हायत तुमचे. बांधावरून घ्या.’’ मोडक्या पायाची बाई आम्ही बांधावरून, लांबच्या वाटेनं, रस्त्यावर आणली. सगळ्या वाटेनं ती एकच म्हणत होती, ‘‘कुणी न्हाई बघितलं म्हून काय झालं. म्या घातला पाय. मोडायलाच पाहिजे व्हता.’’

पेंडी तिनं सोडली नव्हती. ती माझ्या हातात दिली. नांदेडला तिचा लेक रेल्वेत आहे, तो येऊन तिला घेऊन गेला. मी पेंडी घेऊन रेणापूरला गेले आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली.

‘‘हे काय आहे?’’

‘‘पडीक,’’ मी म्हणाले.

साहेबांनी पेंडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माणूस वाईट नव्हता. ‘‘बाईंनी स्वतः सांगितलं. सरकार, पडीक. मी चार वेळा विचारलं.’’ मी त्यांना सगळं सांगितलं, चारही पट्ट्यांची नावं, चार बोटं, दव. मी एवढं लांबलचक आयुष्यात कधी बोलले नव्हते. सांगून संपलं तेव्हा कचेरीची जेवणाची सुट्टी संपली होती, आणि शिपाई विचारत होता, पेंडीचं काम झालं असेल तर त्याच्या म्हशीला नेऊ का. साहेबांनी माझ्या हरकतीवर फेरपाहणी लिहिली. येत्या सोमवारी, सकाळी साडेनऊला. ‘‘त्यानंतर मला पुढं नऊ गावं आहेत,’’ म्हणाले. ‘‘जे दिसेल ते लिहीन. दुसऱ्यांदा खोडाखोड करणार नाही.’’

काल मी नांदेडला जाऊन तिला भेटले. लेकाचं घर तिसऱ्या मजल्यावर. गयामाय गॅलरीत खुर्चीवर, प्लास्टरचा पाय स्टुलावर, नाकावर एकदाचा नवा चष्मा. खाली कॉलनीची बाग, हिरवळ, आणि यंत्रानं ती कापणारा माळी.

‘‘ओ माळीदादा,’’ तिनं वरून हाक दिली, ‘‘उजव्या कोपऱ्यात खाली गेलाव तुम्ही.’’

माळ्यानं यंत्र बंद केलं, खाली बसला, तळहात आडवा करून गवतात रोवला आणि वर बघून मान हलवली. लेक कपाळाला हात लावून म्हणाला, ‘‘ताई, पंधरा दिवस हेच चाललंय. कॉलनीवाले म्हणायलेत, गवत वाढलं. काल अध्यक्ष तक्रार घेऊन आले, तर त्यांना विचारती, तुमच्याकडं किती जनावरं हायत.’’

तिनं माझ्याकडं वळून पहिला प्रश्न विचारला. ‘‘सरकार उठली का?’’

‘‘उठली. गुडघ्याच्या वर आहे.’’

‘‘मग तिचीच पाळी हाय. सोमवारी सगळी जनावरं तिच्यात सोडा. सायेबाच्या डोळ्यासमोर.’’

‘‘पण साहेब साडेनऊला येणार. दव तर दहाला उतरतं.’’

‘‘मग?’’

‘‘एकच दिवस दहाच्या आधी सोडल्या गाई, तर काय बिघडेल? अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, माय. सगळं गायरान जाईल.’’

चष्म्याच्या वरून तिनं माझ्याकडं पाहिलं. मग प्लास्टरवर बोटानं टकटक केली. ‘‘हे काय हाय? दवाला न थांबल्याचंच हाय. दवात गाय सोडून गायरान राखलं तर राखलं काय?’’

‘‘मग साहेबाला थांबवायचं कसं?’’

‘‘बोला,’’ ती म्हणाली. ‘‘लई बोला. तांबडीच्या आजीपासून सांगा. एकट्या तुझ्यानं व्हायचं न्हाई, तू कलमावानी बोलतीस. मानसं ने. बोलनारी ने.’’

निघताना खाली आले, रिक्षात बसले, वर पाहिलं. गयामाय कठड्यावरून हात बाहेर काढून आडवी धरलेली चार बोटं दाखवत होती. अंगठा आत मिटलेला. रिक्षावाला म्हणाला, ‘‘आजी चार जन म्हनायलेत. तुम्ही तर एकच हाव न?’’ मी पुढच्या वळणापर्यंत मागं बघत राहिले. हात तसाच होता, आणि खाली माळी आपला हात गवतात धरून तिच्याशी ताडून बघत होता.

कलम तीन मी मागं घेते आहे. चौकटीसकट.

आता तुम्ही. येत्या सोमवारी, सकाळी साडेनऊ, रेणापूर तालुका, पाझर तलावाचा बांध. सही नको, वर्गणी नको, घोषणा पाठ करून येऊ नका. तुमच्या घरात एखादी आत्या असेल जी एका प्रश्नाला दोन तास घेते, एखादा काका असेल ज्याला लग्नात कुणी शेजारी बसवून घेत नाही, त्यांना घेऊन या. थोडक्यात बोलणाऱ्यांनी घरी राहावं. बांधावर उभे राहा, पट्टीत पाय घालू नका, आणि साहेबांना बोलण्यात धरून ठेवा. पदर कोरडा निघेपर्यंत. नंतर बोलायची गरज पडणार नाही, गाई येतील.